कुटुंबासह कळसूबाई : एक फसलेली आणि एक जमलेली सहल

“डोंगर कशाला चढायचा? सरपणापायी जन्मभर चढलेच की!”

विहारातील कुटुंबांची सहल कळसूबाईला न्यायची, असे आम्ही घरी सांगितले तेव्हा आमच्या आईने दिलेले हे उत्तर. तिचे वय तेव्हा सदुसष्ट. तिच्या लेखी डोंगर म्हणजे मोळी, काटा आणि अनवाणी पाय. पैसे खर्चून, तिकीट काढून, मुद्दाम तिथे कोणी जावे हे तिला पटेना. खरे सांगायचे तर आपल्या बहुतेक घरांत हेच उत्तर मिळते. आपण प्रवास करीत नाही असे नाही. दीक्षाभूमी, चैत्यभूमी, भीमा कोरेगाव, महाड, वर्षाकाठी दोन-तीन वेळा आपण पिशव्या भरून निघतोच, आणि निघालेच पाहिजे. पण ती अभिवादनाची वाट आहे. त्या गर्दीत पोराचा हात सुटू नये एवढेच आईबापाचे लक्ष असते. पोराने झाड पाहिले का, दगड हातात घेतला का, हे विचारायला सवड नसते. शाळेची सहल निघते तिची वर्गणी परवडत नाही म्हणून आपली मुले त्या दिवशी घरीच असतात. म्हणून ही सहल विहारातर्फे आणि आपल्या खिशाला झेपेल अशी काढायची, असे आम्ही ठरवले.

ठिकाण आम्ही हट्टाने सर्वांत उंच निवडले. कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले आणि नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी या दोन तालुक्यांच्या हद्दीवर ते उभे आहे. पायथ्याचे गाव बारी. वाचकांपैकी ज्यांना एवढ्या उंचीवर हवा विरळ होईल, म्हाताऱ्या माणसांना श्वास लागेल अशी भीती वाटते, त्यांनी निश्चिंत असावे. तो त्रास हिमालयातल्या उंचीवर होतो. इथे दम लागतो तो चढाचा, आणि आठ-नऊशे मीटरचा चढ काही थोडा नव्हे.

विहाराच्या बैठकीत मुलांना आम्ही सांगितले की आपण ज्वालामुखीवर चढणार आहोत. मुले हरखली. ज्वालामुखी म्हटला की त्यांच्या डोळ्यांपुढे तोंडातून धूर ओकणारा, शंकूच्या आकाराचा डोंगर येतो. सह्याद्री तसा नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला लाव्हा पाण्यासारखा पसरला. एक थर निवला की काही काळाने त्यावर दुसरा, मग तिसरा. असा हा काळा खडक आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. पुढे जमीन उचलली गेली, पावसाने आणि नद्यांनी ती कोरून काढली आणि जे उरले ते आपले डोंगर. म्हणूनच लांबून पाहिले तर ते पायरी-पायरीचे दिसतात. कठीण थराचा कडा, मऊ थराचा उतार. पश्चिम घाटातील या थरांचे भूशास्त्रज्ञांनी गट पाडले आहेत. त्यांतील सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत जुन्या गटाला कळसूबाईचेच नाव दिले आहे.

बैठकीत विरोधही झाला. आमच्या विहाराचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते आहेत, गिरणी कामगार, १९८२च्या संपात नोकरी गेलेले. त्यांनी सरळ विचारले, “शिखरावर देवीचं देऊळ आहे. नवरात्रात जत्रा भरते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी तिथं काय म्हणून जायचं? लेण्यांवर चला.” प्रश्न रास्त होता. आम्ही म्हणालो, काका, डोंगर देवळाच्या आधीचा आहे, आणि ज्या दगडात आपली लेणी कोरली तोच हा दगड. नारळ फोडायला आपण जात नाही. तरी त्यांचे समाधान झाले नाही. ते आले नाहीत.

पहिली सहल ६ मे २०२३ रोजी निघाली. आदल्या दिवशी शुक्रवारी बुद्ध पौर्णिमा होती, लागून शनिवार-रविवार. त्याच वर्षी १७ मार्चपासून राज्यभर महिलांना एसटीचे अर्धे तिकीट झाले होते, त्यामुळे घरातल्या बायका या वेळी मागे राहायला तयार नव्हत्या. आईही “बघू तरी” म्हणून निघाली. सुट्टी जुळली, भाडे जुळले, एवढ्यावर आम्ही खूश होतो. मे महिन्यात काळा दगड किती तापतो याचा विचार त्या सबंध बैठकीत कोणी केला नाही, आणि बैठकीचे अध्यक्ष आम्हीच होतो.

बारीत पोहोचायलाच पावणेदहा वाजले. चढायला सुरुवात केली तेव्हा दहा वाजून गेले होते. माणशी एक लिटरची एक बाटली. तरुण पोरे पुढे पळाली, बायका आणि मुले मागे, मधे कोणीच नाही. वाटेवर सावली नावाला. पहिल्या लोखंडी शिडीपर्यंत येता येता बाटल्या रिकाम्या झाल्या. एका मुलाला उलटी झाली. शिडी चढून वर आल्यावर आई एकदम खाली बसली. डोळे मिटलेले, ओठ कोरडे.

तिथे थोड्या अंतरावर काठ्यांवर कापड टाकून एका बाईने चहा-सरबताचे दुकान मांडले होते. बारीच्या बाजूची आदिवासी बाई, आईपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल. ती धावत आली. आईला सावलीत घेतले, पदराने वारा घातला आणि तांब्या भरून पाणी आणले. आईने डोळे अर्धवट उघडले आणि दोन्ही हातांची ओंजळ करून पुढे धरली.

आमच्या घरात आईला कोणी ओंजळीने पाणी पिताना पाहिलेले नाही. आमच्या मुलांना तर त्या ओंजळीचा अर्थही ठाऊक नाही. पण गावच्या आडावर पाणी वरून ओतले जायचे तेव्हाची ती ओंजळ. शुद्ध हरपत असताना हात आपोआप तसे जुळले. ती बाई क्षणभर बघत राहिली. मग तिने आईची बोटे सोडवली, तांब्या तिच्या हातात दिला, आणि वरून आपला हात धरून तो तिच्या तोंडाला लावला.

आम्ही तिथूनच परत फिरलो. शिखर कोणीच पाहिले नाही. संध्याकाळची गाडी चुकली, मुले रडवेली झाली, आणि घरी आल्यावर पुढचा महिनाभर विहारात आम्हाला जे ऐकून घ्यावे लागले ते इथे लिहीत नाही. गिरणीवाले काका मात्र काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे वाटले असते.

दिवाळीच्या सुमारास आईनेच विषय काढला. “त्या बाईला सरबताचे पैसे दिले होते का रे तू?” दिले होते की नाही हे आम्हाला आठवेना. आई म्हणाली, “मग परत जायला पाहिजे.”

या वेळी आम्ही तारखेपासून सुरुवात केली. पावसाळ्यात ती वाट आणि शिड्या निसरड्या होतात, वर धुके असते. मुलांना घेऊन जाण्याचा तो काळ नव्हे. ऑक्टोबरात नवरात्राची जत्रा, शिवाय अशोक विजयादशमीला आपली माणसे नागपूरला. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव. फेब्रुवारी सरता सरता ऊन चढू लागते. म्हणजे आपल्या दिनदर्शिकेत थंडीचे मोकळे दिवस उरतात ते जानेवारीचे मधले दोन-तीन आठवडे. २०२४ साली २६ जानेवारी शुक्रवारी आला. सकाळी विहारासमोर ध्वजवंदन, संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन, आणि मग निघायचे असे ठरले. जोडून सुट्टी आल्याने डोंगरावर गर्दी होणार हे उघड होते, पण ज्यांच्या कारखान्यात किरकोळ रजाच नाही त्यांना दुसरा दिवस कुठला देणार? गर्दीवर उपाय एकच, सर्वांच्या आधी निघणे. त्यासाठी आदल्या रात्री बारीत मुक्काम हवा.

पैशासाठी दर कुटुंबाकडून आठवड्याला ५० रुपये जमवले. खाजगी गाडी ठरवली असती तर निम्मी कुटुंबे गळाली असती. आमचा मार्ग असा : कल्याणहून कसाऱ्याची लोकल, तिथून घाट चढून इगतपुरी-घोटी, आणि घोटीहून भंडारदरा-राजूरच्या रस्त्याने बारी. या रस्त्याने एसटी जाते. तिच्या वेळा मात्र निघण्यापूर्वी आगारात विचारून घ्याव्यात, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नये. बायकांना अर्धे तिकीट, ५ ते १२ वयाच्या मुलांना अर्धे, ६५ वर्षांवरील पुरुषांनाही अर्धे, ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत. वयाचा दाखला, आधार कार्ड जवळ हवे. हा हिशेब मांडल्यावर जे कुटुंब ‘आम्हाला जमणार नाही’ म्हणत होते तेही आले. एकूण तेवीस माणसे झाली, त्यांत सहा मुले.

पायांचा सराव ही गोष्ट आपण विचारातच घेत नाही. दिवसभर यंत्रापुढे उभे राहणारा किंवा आमच्यासारखा खुर्चीत बसून खतावणी लिहिणारा माणूस एकाएकी डोंगर चढू शकत नाही. नोव्हेंबरपासून दर रविवारी आम्ही जवळच्या टेकडीवर जाऊ लागलो. एका रविवारी सगळ्यांना कान्हेरीला नेले. बोरिवलीच्या जंगलात शंभरावर लेणी, दगडात खोदलेल्या पायऱ्या, भरपूर सावली. सरावाला त्याहून चांगली जागा नाही. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाची चप्पल तुटते, कोण न सांगता मागे राहतो, हे सगळे तिथेच कळून आले. गिरणीवाले काका कान्हेरीला आले आणि पुढेही येत राहिले. सहलीत दुसरा दिवस नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांचा घातला होता, हे एक कारण. दुसरे कारण आई. “तू येतेस तर मी काय म्हातारा झालो?” असे ते तिला म्हणाले.

पाणी माणशी तीन लिटर. ते हातात नव्हे, पाठीवर, कारण शिड्यांवर दोन्ही हात मोकळे लागतात. शाळेची जुनी दप्तरे यासाठी उत्तम. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ अशा दोन बाटल्या वेगळ्या, उलटी-चक्कर यासाठी. रक्तदाबाच्या गोळ्या ज्यांना चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारून यावे. ‘आज चालायचंय म्हणून गोळी घेतली नाही’ असले शहाणपण करू नये. आमच्या एका मावशींनी ते सरावाच्या दिवशी करून पाहिले. पायात रबरी तळाचे कापडी बूट. कंपनीतून मिळालेले लोखंडी टोकाचे बूट घालून एक गृहस्थ आले होते, त्यांना पहिल्याच टेकडीवर फोड आले. बायकांनी पंजाबी ड्रेस घालावा असे आम्ही सुचवले. आईने लुगडेच नेसले, पण कासोटा घट्ट मारला आणि आमच्यापेक्षा नीट चढली.

सर्वांत महत्त्वाचा नियम चालण्याच्या क्रमाचा. जो सर्वांत हळू चालतो तो पुढे, त्याला कोणी ओलांडायचे नाही. तरुण मंडळी मागे. पोरांनी कुरकुर केली, पण मे महिन्यात काय झाले ते त्यांनीही पाहिले होते. शिवाय ज्याला थांबावेसे वाटेल त्याने थांबावे, त्याच्याबरोबर एक मोठे माणूस थांबेल, आणि त्याला कोणी ‘चला, आता थोडंच राहिलंय’ म्हणायचे नाही. अकरा वाजता, जिथे असू तिथून मागे फिरायचे, मग शिखर हाताच्या अंतरावर का असेना. हा शेवटचा नियम पाळायची वेळ आली नाही, पण तो आधी ठरवलेला असल्याने मन शांत राहिले.

बारीत रात्री एका घराच्या ओसरीत आणि अंगणात मुक्काम केला. गावात महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी आहे. डोंगरावर येणाऱ्यांना जेवण-मुक्काम देण्याचे काम इथली कुटुंबे करतात. पिठलं, भाकरी, ठेचा, भात. दर आधी विचारला, ठरला तेवढा दिला. आमच्यातल्या दोघी-तिघी बायका सुरुवातीला बिचकून होत्या. परक्या गावात ‘जयभीम’ म्हणावे की नुसता नमस्कार करावा, चुलीपाशी जावे की बाहेर बसावे, हे त्यांनी आम्हाला हळूच विचारले. आम्हीही चटकन उत्तर देऊ शकलो नाही. तेवढ्यात घरच्या बाईने आतून हाक मारली, “भाकरी थापायला या कोणीतरी, एवढ्यांच्या मला एकटीला व्हायच्या नाहीत.” मग प्रश्न उरला नाही.

पहाटे सहाला निघालो. पौष पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते, पश्चिमेला चंद्र होता. शेतातून वाट जाते, मग चढ लागतो. उजेड होईपर्यंत मुले एकमेकांच्या दप्तराला धरून चालली. पुढे आई, तिच्या मागे काका, मग मुले. आईची चाल इतकी सावकाश आणि एकसारखी होती की कोणालाच दम लागला नाही. वर चढताना कातळाचे थर अगदी जवळून दिसतात. एका ठिकाणी दोन काळ्या थरांच्या मधे विटकरी मातीचा पट्टा होता. खालच्या थरावर माती साचते, वरून नवा लाव्हा आला की ती भाजून निघते, असे आम्ही मुलांना सांगू लागलो. आई थांबली. पुढच्या खडकावर तळहात ठेवून म्हणाली, “हा मांजऱ्या. ह्याच्यात पांढऱ्या गारा असतात बघ. हा लगेच फुटतो. वरचा तो काळा आहे ना, तो सुतकीला दाद देत नाही. त्यानं हात सोलतात.”

१९७२च्या दुष्काळात ती सोळा वर्षांची होती. दुष्काळी कामावर दोन पावसाळे तिने खडी फोडली. हे आम्हाला माहीत होते, तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचे नख वेडेवाकडे आहे ते तेव्हापासून. पण दगडाच्या जाती तिला पाठ असतील हे आम्हाला कधी सुचले नव्हते. पुस्तकात वाचून आम्ही जे सांगत होतो ते तिने हाताने शिकले होते. मुले आमचे व्याख्यान सोडून तिच्याभोवती जमली आणि पुढची अर्धी वाट “आजी, हा कोणता?” हेच चालले.

पहिली शिडी चढून वर आलो. ते दुकान तिथेच होते, पण बाई नव्हती, तिची सून बसली होती. सासू खाली पाणी आणायला गेलीय, येईल, असे तिने सांगितले. आईने पिशवीतून एक डबा काढला. घरी केलेल्या कुरडया होत्या. कल्याणपासून तो डबा तिने कोणाच्या हाती दिला नव्हता. डबा मांडीवर घेऊन ती बाकड्यावर बसली आणि म्हणाली, “तुम्ही जाऊन या. मी इथंच थांबते.”

आम्ही नियम करणारे, आणि नियम मोडायला आम्हीच पहिले निघालो. “आई, आठ पण वाजले नाहीत, तू थकलेली पण नाहीस. वर नेऊन आणतो की तुला सावकाश.” सगळी आखणी, सगळा सराव, आईने शिखरावर उभे राहावे म्हणूनच तर होता. ती हसली. “मी हिच्या सासूला भेटायला आले. वर माझं काय आहे?” गिरणीवाले काकाही गुडघ्याचे निमित्त सांगून तिच्याजवळ बसले. आम्ही थोडे रागावूनच पुढे निघालो, हे कबूल करतो.

शेवटची शिडी सर्वांत उभी आहे. लहान मुलांच्या पुढे एक मोठा आणि मागे एक मोठा, एका वेळी एकच कुटुंब शिडीवर, असे करून सगळे सुखरूप चढले. तोपर्यंत खालून तरुणांचे घोळके येऊ लागले होते. आणखी तासभर उशीर झाला असता तर शिडीखाली रांगेत उभे राहावे लागले असते. शिखराची जागा लहानशी आहे. मधोमध छोटे देऊळ, भोवती वारा. पूर्वेकडून ऊन आलेले, दक्षिणेला भंडारदऱ्याचे पाणी चकाकत होते. ते धरण १९२६ साली पुरे झाले. पलीकडे रतनगड आणि हरिश्चंद्रगडाचा डोंगर, दुसऱ्या बाजूला अलंग, मदन, कुलंग. सगळ्यांच्या अंगावर त्याच आडव्या रेघा. मुलांनी रेघा मोजायला सुरुवात केली आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा आला.

आमच्यातल्या दोघा तरुणांनी निळा झेंडा आणला होता. तो लावून घोषणा द्यायच्या होत्या. आम्ही नको म्हणालो. ज्या गावाने रात्री अंगणात झोपू दिले त्यांचे ते श्रद्धास्थान आहे. तिथे आपण हात जोडत नाही, पण झेंडाही रोवायचा नाही. घोषणा द्यायला आपल्याकडे १४ एप्रिल आहे. देवळापासून बाजूला कातळावर बसून सर्वांनी हळू आवाजात त्रिसरण-पंचशील घेतले, शेंगदाण्याचे लाडू खाल्ले, कागद-पिशव्या परत दप्तरात भरल्या. हा भाग अभयारण्यात मोडतो हे मुलांना सांगितले. तरुण दोघे जरा घुश्शात होते. उतरताना त्यांचा राग गेला, कारण उतार चढापेक्षा अवघड असतो आणि बायका-मुलांना हात द्यायला तेच उपयोगी पडले.

खाली आलो तर आई आणि ती दुकानवाली शेजारी शेजारी बसलेल्या. डबा रिकामा होऊन त्यात नाचणीचे पीठ भरलेले. त्या बाईनेही रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. दोघींचे घमेले, मुकादम, हजेरी असे काहीबाही चालले होते. काका मात्र एका गोष्टीवर खूश होते. त्या बाईने त्यांना कळसूची कथा सांगितली होती. कळसू म्हणे एका पाटलाच्या घरी कामाला राहिली. तिची अट होती, केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, बाकी सांगाल ते काम करीन. एक दिवस पाहुणे आले आणि तिला तेच काम सांगितले. तिने केले, आणि रागाने काम सोडून डोंगरावर निघून आली ती परत गेलीच नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ म्हणून दाखवतात. काका घोटीपर्यंत जीपमध्ये ही गोष्ट सांगत होते. “ही देवी कुठली? ही तर संपावर गेलेली कामगार!” आमच्यातल्या दोघी ठाण्या-मुलुंडच्या इमारतींत धुणीभांडी करतात. त्यांतली एक म्हणाली, “त्या महिन्याचा पगार घेऊन गेली का नाही ते विचारलंत का?” ते काकांनी विचारले नव्हते.

घोटीहून एसटीने नाशिक. रात्री एका विहाराच्या सभागृहात चादरी पसरून झोपलो. पाय इतके भरून आले होते की नाशिकची थंडी कोणाला जाणवली नाही. रविवारी सकाळी त्रिरश्मी. शहराबाहेर मुंबई-आग्रा रस्त्याला लागून हा डोंगर आहे, चोवीस लेणी, पायथ्याशी बुद्धविहार. वर जायला दोनशेच्या आसपास पायऱ्या. कालच्या मानाने हा चढ काहीच नव्हता. आई एकदाही न बसता चढली. लोकांनी या लेण्यांना पांडवांचे नाव चिकटवले, पण दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. नहपान क्षत्रपाचा हा जावई. त्रिरश्मी पर्वतावर हे लेणे आणि या ‘पोढी’ करवल्या, असे त्यात कोरलेले आहे. पोढी म्हणजे दगडातले पाण्याचे टाके. भिक्खूंना, वाटसरूंना पाणी मिळावे म्हणून खोदलेले.

त्याच लेण्यातला दुसरा लेख आमच्यासारख्या कारकुनाला सोडवेना. उषवदाताने भिक्खुसंघासाठी ३००० कार्षापण गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. एकीकडे २०००, दरमहा शेकडा १ व्याजाने. दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम कधी काढायची नाही, व्याज तेवढे वापरायचे. मोठ्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. आम्ही पायरीवर बसून मुलांकडून हिशेब करवला. २००० वर महिना २०, वर्षाला २४०. वीस जणांना बारा-बारा, बरोबर २४०. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा ताळेबंद एका पैचीही चूक नसलेला. आणि राजाच्या जावयाने ठेव ठेवली कोणाकडे, तर विणकरांकडे! गिरणीवाले काका हे ऐकून बराच वेळ लेखासमोर उभे राहिले. पुढच्या चैत्यलेण्याच्या दारावर धंभिका गावच्या लोकांनी दान दिल्याची नोंद आहे, तीही त्यांनी आम्हाला दोनदा वाचून दाखवायला लावली.

आई तोवर टाक्यापाशी गेली होती. वाकून आत पाहत होती. “हा त्या काळ्यातला,” ती म्हणाली. “हा खोदायला किती दिवस लागले असतील ह्यांना!” आमचा धाकटा म्हणाला, “आजी, हे पाणी सगळ्यांसाठी होतं.” तिने मान डोलावली आणि टाक्याच्या कडेवरचे छिन्नीचे घाव बोटाने चाचपत राहिली.

परत निघण्यापूर्वी नाशिक शहरात काळाराम मंदिराच्या बाहेरून एक फेरी मारली. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला तो याच ठिकाणी, एवढे मुलांना सांगितले. आत कोणी गेले नाही. नाशिक रोडहून जनरल डब्यात बसून रात्री घरी पोहोचलो.

जमलेल्या वर्गणीतून प्रवास, मुक्काम, जेवण भागून ३४० रुपये उरले. हिशेब विहाराच्या फलकावर लावला होता. काकांची सूचना आली की पुढची सहल जुन्नरची काढावी, नाणेघाटातून चढून लेण्याद्री-मानमोडीपर्यंत, आणि उरलेली रक्कम मूळ ठेव समजून तिला हात लावू नये. बैठकीत ती एकमताने मंजूर झाली. आईला विचारले तर ती म्हणाली, “जुन्नरला शिड्या किती आहेत ते आधी विचारून ये. आणि तिथं चहावाली बाई कोण असते, तेही विचार.”